गिर्यारोहण साहित्यावरील व्यावसायिक सवलत योजना : वैधता आणि औचित्य

सारांश

पर्वतीय मार्गदर्शक, स्की-पेट्रोल, शोध व बचाव पथकांतील स्वयंसेवक, राष्ट्रीय उद्यानांतील रेंजर इत्यादींना उत्पादक कंपन्या आपले साहित्य छापील किमतीपेक्षा बऱ्याच कमी दराने थेट विकतात. अमेरिकेत 'प्रो डील' या नावाने ही प्रथा रूढ आहे. ही सवलत म्हणजे कामाचा मोबदला, कंपनीची जाहिरात की विशिष्ट वर्गावरील मेहेरनजर, असा प्रश्न तिच्याविषयी उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात या योजनेचे स्वरूप, तिच्यामागील अर्थशास्त्र, अमेरिकेतील कायद्याची चौकट आणि तिचे नैतिक औचित्य यांचा विचार करण्यात आला आहे. सवलतीचे औचित्य तिच्या टक्केवारीवर अवलंबून नसून प्रत्यक्ष वापर, अहस्तांतरणीयता आणि शिफारस करताना केलेले प्रकटीकरण या तीन अटींवर अवलंबून आहे, असे प्रतिपादन येथे करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : व्यावसायिक सवलत, किंमतभेद, गिर्यारोहण साहित्य, हितसंबंध, प्रकटीकरण, ग्राहकहित.

१. प्रस्तावना

एकाच वस्तूची किंमत सर्वांना सारखी असावी, ही अपेक्षा बाजारव्यवहारात स्वाभाविक मानली जाते. तरीही काही अपवाद समाजाने सहज स्वीकारलेले आहेत. विद्यार्थ्यांना रेल्वेच्या पासात आणि ज्येष्ठ नागरिकांना एस.टी.च्या भाड्यात मिळणारी सवलत कोणाला अन्यायाची वाटत नाही. या सवलतींचा आधार 'गरज' हा आहे. व्यावसायिक सवलतीचा आधार मात्र निराळा आहे. ती घेणारा गरजू असेलच असे नाही. तो विशिष्ट भूमिकेत काम करणारा असतो, एवढेच त्याचे वेगळेपण. म्हणूनच या सवलतीचे समर्थन गरजेच्या भाषेत पूर्णपणे करता येत नाही.

उदाहरणादाखल, अमेरिकेतील एखाद्या दुकानात ४०० डॉलर किमतीचे जलरोधक जॅकेट विक्रीस ठेवलेले आहे, असे समजू. सुटीच्या दिवशी डोंगरात जाणारा ग्राहक ते पूर्ण किंमत मोजून विकत घेतो. त्याच डोंगरात वर्षातील बहुतेक दिवस मार्गदर्शक म्हणून काम करणाऱ्या व्यक्तीला तेच जॅकेट कंपनीकडून थेट २४० डॉलरला मिळते. पुढे हाच मार्गदर्शक त्या ग्राहकाला 'कोणते जॅकेट घ्यावे' याविषयी सल्ला देतो. या साध्या व्यवहारात चार पक्ष गुंतलेले आहेत : कंपनी, व्यावसायिक, किरकोळ विक्रेता आणि सामान्य ग्राहक. पहिल्या दोघांत झालेल्या कराराचे परिणाम उरलेल्या दोघांना भोगावे लागतात. या करारात त्यांना स्थान मात्र नसते.

येथे 'वैधता' आणि 'औचित्य' या दोन संकल्पना वेगळ्या करणे आवश्यक आहे. एखादी गोष्ट कायद्याला संमत असली म्हणजे ती न्याय्य ठरतेच, असे नाही. ही प्रथा अमेरिकेत सर्वाधिक संघटित स्वरूपात आढळत असल्याने विवेचनाचा मुख्य आधार तेथील व्यवस्था हा आहे. भारतीय संदर्भाचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

२. योजनेचे स्वरूप

व्यावसायिक सवलत योजनेत कंपनी प्रथम पात्र व्यवसायांची यादी निश्चित करते. पर्वतीय मार्गदर्शक, हिमस्खलनतज्ज्ञ, स्की-पेट्रोल, बचाव पथके, मैदानी शिक्षणसंस्थांतील प्रशिक्षक, उद्यानांतील रेंजर आणि साहित्याच्या दुकानांतील विक्री कर्मचारी यांचा त्यात सामान्यतः समावेश असतो. अर्जदारास प्रमाणपत्र, संस्थेचे सदस्यत्व, वेतनपत्रक किंवा नियोक्त्याचे पत्र सादर करावे लागते. १९३८ मध्ये स्थापन झालेली नॅशनल स्की पेट्रोल आणि १९७९ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन माउंटन गाइड्स असोसिएशन यांसारख्या संस्थांचे सदस्यत्व हा पात्रतेचा प्रचलित पुरावा होय. सवलतीचे प्रमाण कंपनीनुसार आणि श्रेणीनुसार बदलते. ते साधारणतः २० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असते.

सवलतीबरोबर अटीही येतात. साहित्य केवळ स्वतःच्या वापरासाठी घ्यावे, मित्र वा नातेवाईक यांच्यासाठी घेऊ नये, ते पुन्हा विकू नये, सवलतीचा दर जाहीर करू नये आणि पात्रता संपल्यास तसे कळवावे, अशा या अटी असतात. काही कंपन्या वर्षभरात किती नग घेता येतील, यावरही मर्यादा घालतात.

पूर्वी हा व्यवहार कंपनीचा प्रतिनिधी आणि मार्गदर्शक यांच्या व्यक्तिगत ओळखीवर चालत असे. इंटरनेटच्या प्रसारानंतर पात्रतेची पडताळणी करणाऱ्या मध्यस्थ संस्था उदयास आल्या. आउटडोअर प्रोलिंक आणि सॉल्ट लेक सिटी येथील एक्सपर्टव्हॉइस या त्यांपैकी प्रमुख होत. एक्सपर्टव्हॉइसचे पूर्वीचे नाव 'एक्स्पर्टिसिटी' असे होते. अशा काही ठिकाणी वापरकर्त्याने उत्पादनाविषयीचा छोटा पाठ पूर्ण करून प्रश्नोत्तरी सोडवली की सवलत खुली होते. हा बदल लक्षणीय आहे. पहिल्या पद्धतीत सवलत 'काम करणाऱ्या हाताला' मिळत होती. दुसऱ्या पद्धतीत ती 'शिफारस करणाऱ्या आवाजाला' मिळू लागली. नव्या नावातील 'व्हॉइस' हा शब्द या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो.

३. सवलतीमागील अर्थशास्त्र

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांनी 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या १९२० मधील ग्रंथात किंमतभेदाच्या तीन श्रेणी सांगितल्या. ग्राहकांचे ओळखता येतील असे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी किंमत आकारणे, ही त्यांतील तिसरी श्रेणी होय. व्यावसायिक सवलत हे तिचे स्पष्ट उदाहरण आहे. असा किंमतभेद टिकण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात : गटांमधील कुंपण मजबूत असणे आणि स्वस्तात घेतलेली वस्तू महाग गटात पुन्हा विकली न जाणे. पात्रतेची कागदपत्रे आणि पुनर्विक्रीबंदी या अटींचे आर्थिक कार्य नेमके हेच आहे.

ही सवलत म्हणजे कंपनीचा त्याग, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहणे इष्ट ठरेल. या व्यवसायात किरकोळ किंमत ही घाऊक किमतीच्या सुमारे दुप्पट ठेवण्याची रीत आहे. म्हणजे ४०० डॉलरचे जॅकेट दुकानदाराला साधारणतः २०० डॉलरला पडते. कंपनीने तेच जॅकेट ४० टक्के सवलतीने व्यावसायिकाला थेट विकले तर तिच्या हाती २४० डॉलर येतात. त्यातून पडताळणीचा व पाठवणीचा खर्च वजा केला तरी दुकानदाराकडून मिळणाऱ्या रकमेपेक्षा ही रक्कम फारशी कमी नसते. काही वेळा ती अधिकही असू शकते. सवलत ५० टक्के असेल तर दोन्ही रकमा समान होतात. सवलत ६० टक्क्यांवर गेली की मात्र कंपनीस केवळ १६० डॉलर मिळतात, म्हणजे घाऊक विक्रीच्या तुलनेत ती ४० डॉलर सोडते. म्हणजेच सवलतीचा मोठा भाग कंपनीच्या नव्हे, तर दुकानदाराच्या संभाव्य नफ्यातून दिला जातो.

येथेच किरकोळ विक्रेत्याची तक्रार उद्भवते. मार्गदर्शक दुकानात येऊन बूट पायात घालून पाहतो, माप निश्चित करतो आणि खरेदी मात्र सवलतीच्या मार्गाने करतो. जागेचे भाडे, कर्मचाऱ्यांचा वेळ आणि साठ्याची जोखीम दुकानदाराची असते. तथापि, त्याच दुकानातील कर्मचारी अशाच सवलतीचे लाभार्थी असतात आणि अल्प वेतनावर जाणकार कर्मचारी टिकवून ठेवण्यास ती दुकानदारालाही उपयोगी पडते, हेही नोंदवले पाहिजे.

सामान्य ग्राहकावर होणारा परिणाम गटाच्या आकारावर अवलंबून असतो. सवलतीचा गट लहान असेल तर छापील किमतीवर त्याचा फारसा परिणाम होण्याचे कारण नाही. परंतु गट विस्तारत गेला तर छापील किंमत प्रत्यक्षात फक्त अनभिज्ञ ग्राहकच मोजतो, अशी स्थिती निर्माण होते. अशा वेळी सवलत ही सवलत राहत नाही. उलट छापील किंमत हाच माहिती नसल्याबद्दलचा दंड ठरतो.

४. कायद्याची चौकट

अमेरिकेतील १९३६ चा रॉबिन्सन-पॅटमन कायदा समान प्रतीच्या वस्तूंच्या विक्रीत स्पर्धेला बाधक ठरणाऱ्या किंमतभेदास प्रतिबंध करतो. मोठ्या साखळी दुकानांना मिळणाऱ्या विशेष दरांपासून छोट्या विक्रेत्यांचे रक्षण करणे, हा त्याचा मूळ हेतू होता. व्यावसायिक मार्गदर्शक वस्तू स्वतः वापरण्यासाठी घेतो. तो दुकानदाराचा स्पर्धक नसतो. त्यामुळे ही सवलत सामान्यतः या कायद्याच्या कक्षेत येत नाही. मात्र त्याने ती वस्तू पुन्हा विकली तर तो कंपनीशी केलेल्या कराराचा भंग करतो आणि पात्रतेसाठी खोटी कागदपत्रे सादर केली असल्यास प्रश्न फसवणुकीचा बनतो.

शासकीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. राष्ट्रीय उद्यानातील रेंजर हा संघराज्य शासनाचा सेवक असतो. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील शासकीय कर्मचारी आचारनियमांत 'भेट' या शब्दाच्या व्याख्येत सवलतीचा स्पष्ट उल्लेख आहे. याचा अर्थ प्रत्येक सवलत निषिद्ध आहे, असा नाही. जी सवलत सर्व नागरिकांना किंवा सर्व शासकीय कर्मचाऱ्यांना खुली आहे, ती भेट मानली जात नाही. शासकीय नोकरीशी संबंध नसलेल्या संघटनेच्या सदस्यांना मिळणारी सवलतही सामान्यतः स्वीकारता येते. परंतु केवळ विशिष्ट शासकीय जबाबदारी पार पाडणाऱ्या कर्मचाऱ्यांनाच वेगळे काढून सवलत देऊ केली असेल, किंवा देणारी कंपनी त्या खात्याशी व्यवहार करणारी वा करू पाहणारी असेल, तर अडचण उद्भवते. म्हणजे रेंजरने मार्गदर्शक संघटनेचा सदस्य म्हणून घेतलेली सवलत आणि रेंजर म्हणून घेतलेली सवलत या कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न गोष्टी ठरू शकतात. वस्तू तीच, व्यक्ती तीच, दरही तोच. बदलते ती केवळ भूमिका. याच नियमांनुसार शासकीय पदनामाचा वापर करून एखाद्या उत्पादनाची भलावण करण्यासही सामान्यतः मनाई आहे.

तिसरा नियम प्रकटीकरणाचा आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने शिफारशी व प्रशस्तिपत्रे यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये सुधारली. शिफारस करणारा आणि कंपनी यांच्यात श्रोत्याला अपेक्षित नसलेला आर्थिक संबंध असेल तर तो ठळकपणे उघड केला पाहिजे, हे त्यांचे मध्यवर्ती सूत्र आहे. २०२३ च्या सुधारित मजकुरात सवलतीच्या दराने मिळालेल्या वस्तूंचा अशा संबंधांत स्पष्टपणे समावेश केला आहे. कंपनीने बदल्यात शिफारशीची अट घातली होती किंवा नाही, याने फरक पडत नाही, असेही त्यात म्हटले आहे. 'मला शिफारस करण्यास कोणी सांगितले नव्हते' हा बचाव त्यामुळे पुरेसा ठरत नाही.

५. औचित्याचे तीन आधार

कायद्याची चौकट पाहिल्यानंतर औचित्याचा प्रश्न शिल्लक राहतो. योजनेच्या समर्थनार्थ सामान्यतः तीन आधार पुढे केले जातात.

पहिला आधार झिजेचा. दोर, हार्नेस, स्लिंग यांसारखे कापडी साहित्य वापराने आणि सूर्यप्रकाशाने क्षीण होते. उत्पादकांच्या सूचनांमध्ये अशा साहित्याची कमाल आयुर्मर्यादा अनेकदा १० वर्षे दिलेली असते. परंतु जवळजवळ रोज वापर असल्यास तेच साहित्य वर्षभरात किंवा त्याहून लवकर बाद करावे लागते. हौशी गिर्यारोहक एक दोर अनेक हंगाम वापरू शकतो. मार्गदर्शकाला ती मुभा नाही, कारण त्या दोराला दुसऱ्याचा जीव बांधलेला असतो. साहित्य महाग असेल तर ते वेळेवर बाद करण्याची प्रवृत्ती कमी होते. या अर्थाने सवलत ही सुरक्षिततेतील गुंतवणूक ठरते. हा आधार सर्वांत भक्कम आहे. मात्र तो झिजणाऱ्या आणि कामात वापरल्या जाणाऱ्या साहित्यापुरताच लागू पडतो. घरी वापरायच्या उबदार जॅकेटला नाही.

दुसरा आधार चाचणीचा. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील एरिक फॉन हिपेल यांनी १९८६ मध्ये 'अग्रणी वापरकर्ता' ही संकल्पना मांडली. सामान्य ग्राहकाला जी गरज पुढे कधीतरी जाणवणार असते, ती या वापरकर्त्याला आजच तीव्रतेने जाणवते. म्हणून नव्या उत्पादनाच्या कल्पना त्याच्याकडून मिळतात. गिर्यारोहणाच्या इतिहासात याचे प्रत्यंतर येते. इव्हॉन शुइनार्ड यांनी १९५७ च्या सुमारास स्वतःच्या वापरासाठी पोलादी पिटॉन घडवण्यास आरंभ केला आणि ते इतर आरोहकांना विकले. पुढे त्यांनी १९७३ मध्ये पॅटागोनिया ही कंपनी स्थापन केली. वापरणारा आणि घडवणारा यांतील अंतर या क्षेत्रात मुळातच कमी होते. सवलत हे अंतर कमी ठेवण्याचे साधन असेल तर ती उचित ठरते. परंतु त्यासाठी व्यावसायिकाचा अभिप्राय कंपनीपर्यंत पोहोचण्याची आणि प्रतिकूल अभिप्रायही ऐकून घेण्याची व्यवस्था असावी लागते. ती नसेल तर 'चाचणी' हा शब्द केवळ अलंकार म्हणून उरतो.

तिसरा आधार शिफारशीचा. कंपन्यांच्या दृष्टीने हाच बहुधा सर्वांत मोलाचा असतो आणि नैतिक दृष्टीने हाच सर्वांत नाजूक आहे. मार्गदर्शकाच्या अंगावरील जॅकेट, त्याच्या हातातील आइस अ‍ॅक्स किंवा हिमाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीचा शोध घेणारे त्याचे ट्रान्सीव्हर पाहून नवखा ग्राहक आपली निवड ठरवतो. 'हा रोज डोंगरात असतो. याने जे निवडले ते उत्तमच असणार,' असे तो गृहीत धरतो. परंतु त्या निवडीत उत्तमतेबरोबर सवलतीचाही वाटा असतो, हे त्याला ठाऊक नसते. तीन कंपन्यांपैकी एकीच्याच वस्तू मार्गदर्शकाला ४० टक्के कमी दराने मिळत असतील, तर त्याने निवडलेली वस्तू त्याच्यासाठी सर्वोत्तम असेल. पण पूर्ण किंमत मोजणाऱ्या ग्राहकासाठी ती सर्वोत्तम असेलच, असे नाही. येथे लबाडी नसते. परंतु दोन वेगळ्या किमतींवर आधारलेले निर्णय एकच मानले जातात आणि दिशाभूल घडते.

महाविद्यालयीन अध्यापकांना हा पेच परका नाही. प्रकाशक पाठ्यपुस्तकाची नमुना प्रत अध्यापकांना विनामूल्य पाठवतात. ती वाचून पुस्तक विद्यार्थ्यांना उपयुक्त आहे किंवा नाही हे ठरवणे, हे अध्यापकाचे कामच आहे. त्यासाठी प्रत विनामूल्य मिळण्यात गैर काही नाही. प्रश्न निर्माण होतो तो पुस्तकाची शिफारस करताना त्याची किंमत विद्यार्थ्यांना मोजावी लागणार आहे, याचा विसर पडल्यास. वैद्यकीय क्षेत्रात हा प्रश्न अधिक गंभीर झाल्याने भारतीय वैद्यक परिषदेने २००२ च्या आचारनियमांत २००९ मध्ये दुरुस्ती करून डॉक्टरांना औषध कंपन्यांकडून भेटी स्वीकारण्यास मनाई केली. सल्ला देणारा एक, किंमत मोजणारा दुसरा आणि लाभ देणारा तिसरा, अशी रचना जेथे असते तेथे हा पेच अटळ असतो.

६. सवलत की वेतनाचा पर्याय?

व्यावसायिक सवलतीचे समर्थन करताना 'या लोकांना पगार कमी असतो' हे कारण अनेकदा दिले जाते. वरवर सहानुभूतीचे वाटणारे हे कारण बारकाईने तपासले पाहिजे. कामासाठी आवश्यक साहित्याचा खर्च कोणी करावा, हा मूळ प्रश्न आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य प्रशासनाने २००७ मध्ये केलेल्या नियमानुसार कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक संरक्षक साधनांचा खर्च सामान्यतः नियोक्त्याने करावयाचा असतो. मात्र केवळ हवामानापासून संरक्षण देणारे हिवाळी कोट, जॅकेट, हातमोजे, साधे गॉगल यांसारख्या वस्तू या नियमातून वगळलेल्या आहेत. कार्यालयात बसणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी हिवाळी कोट ही खासगी गरज आहे. हिमाच्छादित उतारावर दिवसभर उभ्या राहणाऱ्यासाठी ते कामाचे साधन आहे. नियमातील या वगळणुकीमुळे खर्चाचा भार कर्मचाऱ्यावर पडतो. जे मार्गदर्शक स्वतंत्रपणे व्यवसाय करतात, त्यांना तर नियोक्ताच नसतो. कंपन्यांच्या सवलत योजना ही पोकळी अंशतः भरून काढतात.

सवलत वेतनाची जागा घेऊ शकते का, हे साध्या हिशेबाने पाहता येते. डिसेंबर २०२४ अखेरीस यूटा राज्यातील पार्क सिटी येथील स्की-पेट्रोल कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. तो जानेवारी २०२५ मध्ये मिटला. प्रारंभिक वेतन ताशी २१ डॉलरवरून २३ डॉलर व्हावे, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. एका हंगामात २० आठवडे, आठवड्यास ४० तास काम धरल्यास ताशी २ डॉलरच्या वाढीचे १,६०० डॉलर होतात. ४० टक्के सवलतीतून तेवढीच बचत करायची, तर कर्मचाऱ्याला ४,००० डॉलर छापील किमतीचे साहित्य घ्यावे लागेल आणि त्यासाठी प्रथम २,४०० डॉलर खिशातून काढावे लागतील. वेतन कुठेही खर्च करता येते. सवलत मात्र खर्च केल्यावरच मिळते. शिवाय ती नियोक्त्याकडून नव्हे, तर तिसऱ्याच पक्षाकडून मिळते आणि तो पक्ष ती केव्हाही बंद करू शकतो. सारांश, सवलत ही वेतनाची पूरक ठरू शकते, पर्याय नव्हे. तिला पर्याय मानल्यास नियोक्त्याची जबाबदारी नकळत सामान्य ग्राहक आणि दुकानदार यांच्यावर ढकलली जाते.

७. कुंपणाची झीज आणि सहकाराचा पर्याय

योजनेच्या अटींचे उल्लंघन सामान्यतः क्षुल्लक वाटणाऱ्या स्वरूपात होते. मार्गदर्शक आपल्या भावासाठी बूट मागवतो, काम सोडून दोन वर्षे झाली तरी सदस्यत्व चालू ठेवले जाते, एखादे न वापरलेले जॅकेट पुन्हा विकले जाते. प्रत्येक प्रसंगात होणारे नुकसान अल्प असते. परंतु किंमतभेदाचे औचित्य कुंपणावर उभे असल्याने कुंपण झिजले की कंपनी सवलत कमी करते किंवा कागदपत्रांची अट कठोर करते. त्याचा फटका खऱ्या लाभार्थ्याला, बहुतांशी विनावेतन काम करणाऱ्या बचाव पथकातील स्वयंसेवकाला, बसतो. दुसरीकडे कंपन्याही विक्री वाढवण्यासाठी पात्र व्यवसायांची यादी सैल करतात, तेव्हा हेच घडते. कुंपण आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून झिजते.

गिर्यारोहकांना परवडणाऱ्या दरात साहित्य मिळावे, यासाठी एक वेगळा मार्गही इतिहासात आढळतो. सिअ‍ॅटल येथील लॉइड आणि मेरी अँडरसन या गिर्यारोहक दांपत्याने १९३८ मध्ये सहकाऱ्यांसह ग्राहक सहकारी संस्था स्थापन केली. युरोपातून चांगल्या प्रतीची आइस अ‍ॅक्स रास्त किमतीत मागवण्याच्या खटपटीतून तिचा उगम झाला. आज आरईआय या नावाने ती ओळखली जाते. एकदाच सदस्यत्व शुल्क भरणाऱ्या कोणालाही तेथे प्रवेश असून पूर्ण किमतीच्या पात्र खरेदीवर सदस्यास सर्वसाधारणपणे १० टक्के परतावा मिळतो. मुंबई ग्राहक पंचायतीच्या (स्थापना १९७५) सामूहिक खरेदीशी परिचित असलेल्या मराठी वाचकास यामागील तत्त्व सहज उमगेल. सहकारात लाभाचे प्रमाण कमी, पण दार सर्वांना खुले आणि दर उघड असतो. व्यावसायिक सवलतीत लाभ मोठा, पण दार अरुंद आणि दर गुप्त असतो. दोन्ही व्यवस्थांची उद्दिष्टे भिन्न असल्याने एकीने दुसरीची जागा घेणे शक्य नाही. तथापि, गुप्तता ही सवलतीची अपरिहार्य अट नाही, हे सहकाराच्या उदाहरणावरून दिसून येते.

८. भारतीय संदर्भ

भारतात एखादी वस्तू छापील कमाल किमतीपेक्षा कमी दराने विकण्यास वैधमापनशास्त्राच्या नियमांची आडकाठी नाही. ती किंमत ही वरची मर्यादा असते. त्यामुळे उत्पादक वा आयातदार यांनी व्यावसायिकांसाठी सवलत योजना सुरू केल्यास ती मूलतः वैध ठरेल. प्रकटीकरणाच्या बाबतीत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जारी केलेली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. शिफारशीच्या विश्वासार्हतेवर परिणाम करू शकणारा संबंध उघड करणे त्यांनुसार बंधनकारक आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. सह्याद्रीतील दुर्घटनांच्या वेळी धावून जाणारी पथके मुख्यतः स्वयंसेवी आहेत. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र आणि विविध गिर्यारोहण संस्थांमध्ये समन्वय साधणारे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर ही त्याची परिचित उदाहरणे होत. बचावकार्यात दगडावर घासलेला दोर पुढच्या वेळी वापरण्याजोगा राहीलच, याची खात्री नसते. झिजेचा आधार येथे पूर्णांशाने लागू पडतो. कुंपणासाठी आवश्यक पुरावाही उपलब्ध आहे. दार्जिलिंग येथील हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) आणि उत्तरकाशी येथील नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग (१९६५) यांच्या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे सर्वमान्य आहेत. राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांच्या नोंदणीचीही दिशा घालून दिली आहे. अशा योजनेत पहिले स्थान बचाव पथकांना, दुसरे प्रशिक्षकांना आणि समाजमाध्यमांवर प्रसिद्धी करणाऱ्यांना सर्वांत शेवटी, तेही प्रकटीकरणाच्या अटीवर, असा क्रम ठेवल्यास अमेरिकेतील अनुभवाचा लाभ घेतल्यासारखे होईल.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) व्यावसायिक सवलत योजना सामान्यतः कायद्याला संमत आहे. शासकीय सेवकांच्या बाबतीत मात्र ती कोणत्या भूमिकेत स्वीकारली जाते, यावर तिची वैधता अवलंबून राहते.

(२) सवलत ही कंपनीची देणगी नसते. तिचा मोठा भाग किरकोळ विक्रीच्या नफ्यातून येतो, म्हणून दुकानदाराचा आक्षेप निराधार नाही.

(३) झीज आणि चाचणी हे सवलतीचे उचित आधार आहेत. शिफारस हा आधार केवळ प्रकटीकरणासह उचित ठरतो.

(४) सवलत वेतनाचा पर्याय होऊ शकत नाही. कामाच्या साधनांचा खर्च ही प्रथमतः नियोक्त्याची जबाबदारी आहे.

(५) पात्रतेचे कुंपण जितके सैल, तितका छापील किमतीचा भार अनभिज्ञ ग्राहकावर अधिक पडतो.

डोंगरात नवख्या माणसाचा भरवसा मार्गदर्शकावर असतो. दोर कोणता, गाठ कोणती, परत केव्हा फिरायचे हे तो त्याच्या शब्दावर ठरवतो. साहित्याविषयीचा सल्लाही त्याच भरवशाचा भाग आहे. 'ही वस्तू मला कमी दरात मिळते' एवढे एक वाक्य मार्गदर्शकाने सल्ल्यापूर्वी उच्चारले, तर सवलतीचा लाभ कमी होत नाही. ऐकणाऱ्याला मात्र सल्ल्याचे वजन स्वतः ठरवता येते. व्यावसायिक सवलतीचे औचित्य अखेरीस या एका वाक्याच्या उच्चारावर अवलंबून आहे, असे म्हणता येईल.